गेजमामांच्या जबड्याचं माप

गेजमामांना कुणी सांगितलं की आज बुधवार आहे, तर ते आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघत, मग वर्तमानपत्रावरची तारीख बघत आणि मग म्हणत, "दिसतोय खरा बुधवार." तोवर सांगणारा निघून गेलेला असे.

ही खोड धंद्यातून लागलेली. पंपाचे दांडे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. लेथवरून उतरलेला दांडा त्यांच्या टेबलावर यायचा. मापाच्या पोलादी गेजमध्ये तो बरोबर बसला तर पास. अडकला किंवा डुगडुगला, तर मामा लाल रंगाच्या डबीत ब्रश बुडवून त्याच्यावर पट्टा ओढायचे. पट्टा बसला की तो दांडा भंगारात. नाव तिथेच पडलं, गेजमामा. कुणाचे सख्खे मामा ते नव्हतेच. घरी बायकोलाही शेजारीपाजारी मामी म्हणू लागले, आणि तिने कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला त्या घरात एकटे मामा पुरेसे होते.

खात्याच्या दारावर एक पाटी होती: 'नकाशा मोजू नये, वाचावा.' तिची एक गोष्ट होती. लेथ चालवणाऱ्या एका टर्नरच्या नकाशावर, म्हणजे दांड्याचं चित्र आणि मापं असलेल्या कागदावर, तेल सांडून आकडा पुसट झाला. त्याने आकडा विचारायला जायचा कंटाळा केला, नकाशावरच पट्टी ठेवून रेघ मोजली आणि त्या मापाचे अकरा दांडे कापले. नकाशाची प्रत निघताना कागद लहानमोठा होतो, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. म्हणून तर प्रत्येक रेघेशेजारी आकडा लिहिलेला असतो. मामांनी अकराच्या अकरा दांड्यांवर लाल पट्टे ओढले आणि ती पाटी टर्नरच्याच हाताने रंगवून घेतली. टर्नर वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. मग बोलायला लागला तो आजतागायत थांबलेला नाही. निवृत्तीनंतरही दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आणि रोजचा चहा एकत्र.

तर अशा माणसाच्या नशिबी सून आली ती दातांची डॉक्टर. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले सात-आठ महिने पाण्यात. सुनेने घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला. बाहेर एक बाक, आत खुर्ची, मधे काचेचं दार. पहिलं वर्ष तिने बाकावर बसलेलं मांजर पाहत काढलं. मग एकेक माणूस यायला लागलं. चौथ्या वर्षी बाक पुरेनासा झाला, तेव्हा मामींनी स्वयंपाकघरातलं स्टूल बाहेर नेऊन ठेवलं.

मामांची डावीकडची खालची दाढ सुनेनेच काढली होती. किडून पोखरली होती, इलाज नव्हता. तेव्हापासून ते उजवीकडून चावायचे. पण एकट्या बैलाने नांगर किती दिवस ओढायचा? उजवीकडची दाढही ठणकायला लागली. खारे दाणे सुटले, मग पावाचा कडक काठ सुटला. मामी म्हणाल्या, "आता काय पेज पिऊन राहणार आहात? घरात डॉक्टर असून ही तऱ्हा." शेवटी मामांनी होकार दिला. हाडात स्क्रू बसवून त्यावर नवी दाढ घ्यायची ठरलं. सून म्हणाली, "आधी स्कॅन करून घेऊ बाबा. हाड किती जाड आहे ते बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

हे वाक्य मामांना फार आवडलं. मोजल्याशिवाय हात लावणार नाही. बाईला अक्कल आहे, असं ते त्या दिवशी मामींजवळ दोनदा म्हणाले.

स्कॅनचं केंद्र चार रस्ते पलीकडे होतं. तिथल्या मुलीने त्यांना उभं केलं, हनुवटी एका खाचेत टेकवायला सांगितली आणि दातांत प्लास्टिकची काडी दिली. "हलू नका, गिळू नका." यंत्राचा हात डोक्याभोवती फिरू लागला. मामांनी आयुष्यभर नग फिरताना आणि हत्यार जागेवर असताना पाहिलं होतं. इथे नग जागेवर आणि यंत्रच प्रदक्षिणा घालत होतं. हे उलटं काम त्यांना तिथेच थोडं खटकलं, पण तोंडात काडी होती.

संध्याकाळी सुनेने संगणकावर ते चित्र उघडलं. मामा तिच्या पाठीशी उभे. तिने समजावून सांगितलं की पावाचे काप करतात तसे जबड्याचे काप पडद्यावर दिसतात, एकेक काप पुढे सरकवत बघायचा. ती सरकवत गेली. काढलेल्या दाढेच्या जागी आली आणि थांबली. एक रेघ ओढली. पुसली. पुन्हा ओढली. ओठ मुडपून बघत राहिली.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"हाड कमी आहे, बाबा. रुंदी चार पूर्णांक चार मिलिमीटर भरते. मला निदान साडेसहा तरी हवी. स्क्रूच चार मिलिमीटरचा असतो."

"मग?"

"मग आधी तिथे हाडाची भुकटी भरून जाडी वाढवावी लागेल. पाच-सहा महिने थांबायचं, पुन्हा स्कॅन करायचा आणि मग स्क्रू. मी आमच्या कॉलेजातल्या सरांना विचारते. वाटलं तर हे काम त्यांच्या हातून करून घेऊ."

मामांनी नुसती मान डोलावली. पण मनात पाल चुकचुकली. अडतीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की ओळखली होती. 'नगात माल कमी आहे' असं कारागीर म्हणतो, तेव्हा दहातल्या नऊ वेळा तो माल त्यानेच जास्त कापलेला असतो. दाढ काढली कुणी? हिनेच. अर्धा तास ओढत होती. शेवटी काहीतरी कडकन वाजल्याचं मामांना चांगलं आठवत होतं. तेव्हा ती म्हणाली होती, मूळ तुटलं, निघेल. मूळच तुटलं होतं कशावरून?

दुसऱ्या दिवशी काचेचं दार लोटलेलं होतं आणि सून फोनवर बोलत होती. मामा बाकावरचं वर्तमानपत्र उचलायला गेले होते. ऐकायला गेले नव्हते, असं त्यांनी नंतर मामींना शपथेवर सांगितलं. "हो सर, दाढ मीच काढली होती," असं ती म्हणाली. मग बराच वेळ नुसतं हं-हं. आणि मग, "नाही, घरी मी अजून ते बोलले नाहीये."

वर्तमानपत्र मामांनी उलटं धरलं होतं, हे मामींनी पाहिलं.

जेवताना त्यांनी सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या फोटोचा एक कागद मिळेल का? आपलं जवळ असावा."

"देते की बाबा." तिने लगेच छापून आणून दिला. जबड्याचा काप, त्याच्यावर आडवी रेघ आणि रेघेशेजारी आकडा, चार पूर्णांक चार. मामांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला. पाकीट आखूड होतं, म्हणून कागदाचा खालचा काठ दुमडला.

दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर त्यांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. आत तेलकट कागदात गुंडाळलेला, दोन जबड्यांत नग धरून दशांशापर्यंत मोजणारा व्हर्नियर होता, निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेला. जबडे पुसले, मिटवून शून्य तपासलं, खिडकीपाशी उजेडात गेले आणि ती रेघ मोजली.

सहा पूर्णांक सहा.

चष्मा पुसून पुन्हा मोजली. सहा पूर्णांक सहा. कागद फिरवून, दुसऱ्या बाजूने. सहा पूर्णांक सहा.

आकडा एक सांगतो, रेघ दुसरं. हाड साडेसहाच्या वर आहे आणि सून म्हणते चार पूर्णांक चार. खरं तर आता पहिला संशय गळून पडायला हवा होता. हाड भरपूर असेल तर सुनेने ते तोडलं कसं? पण संशय असा गळत नाही, तो कूस बदलतो. मामांच्या मनात आलं, पोरगी घाबरली आहे. सासऱ्याच्या तोंडात भोक पाडायचं, खालून नस जाते, काही चुकलं तर ओठ बधिर व्हायचा आणि जन्मभर घरात तेच तोंड बघायचं. त्यापेक्षा हाडच नाही म्हणावं आणि काम सरांच्या गळ्यात घालावं. नाहीतर मग हा काप माझा नाहीच. खात्यात चिठ्ठ्यांची अदलाबदल त्यांनी कमी वेळा पाहिली नव्हती.

हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मामींना राहवलं नाही. "अहो, ती तुमची सून आहे, लेथवरचा कामगार नाही."

"म्हणून तर अजून गप्प आहे."

"गप्पच राहा. आणि दुसऱ्या दवाखान्याचं तर नावच काढू नका. सासराच सुनेला दात दाखवत नाही म्हटल्यावर तिच्या बाकावर कोण बसेल? चार वर्षं लागली आहेत तिला तो बाक भरायला. पुन्हा मांजर बसवायचं आहे का?"

मामांना हे पटत होतं. पण जबडाही त्यांचाच होता.

तपासणीची त्यांची एक रीत होती. माप चुकलं की आधी यंत्र बघायचं, मग नग आणि शेवटी माणूस. त्या रीतीप्रमाणे ते सकाळी स्कॅनच्या केंद्रात गेले. तिथली मुलगी त्यांना ओळखून हसली. "काय आजोबा, चष्मा विसरलात का?"

"तुमच्या यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली?"

मुलीचं हसू जरा अडखळलं. असा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. तिने यंत्रामागे चिकटवलेलं लेबल दाखवलं. मामांनी वाकून तारीख वाचली, सही वाचली, पुढच्या तपासणीची तारीख वाचली. सगळं मुदतीत होतं.

"माझ्या आधी कुणाचा फोटो काढला होता?"

"एका शाळकरी मुलीचा. अक्कलदाढेसाठी. का?"

"आणि नंतर?"

"नंतर जेवायची सुट्टी झाली. आजोबा, तुमचा फोटो तुमचाच आहे. तुमच्या वरच्या दाढेत चांदी भरलेली आहे ना? ती दिसते त्यात."

मामांनी जिभेने चांदी चाचपली. होती. घरी येऊन त्यांनी सुनेच्या माघारी संगणकात डोकावायचा विचार केला आणि लाज वाटून सोडून दिला. पण हिशेब सरळ होता. यंत्र निर्दोष, नग निर्दोष. उरला माणूस.

त्या यादीत मोजणाऱ्याचं नाव कधीच नसे. अडतीस वर्षांत त्याची गरज पडली नव्हती.

ते तसेच दवाखान्याकडे वळले. बोलायचं होतं ते आत जाऊन, दार लावून, हळू आवाजात. तसं त्यांनी जिन्यात ठरवलं होतं. पण सून नेमकी दारात उभी राहून पुढच्या पेशंटला हाक मारत होती, आणि मामांच्या तोंडून ते दारातच निघालं.

"सूनबाई, तुझा आकडा मला पटत नाही."

बाकावर तिघे होते. कापडी पिशवी मांडीवर घेतलेली एक म्हातारी, गाल सुजलेले एक मास्तर आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेली एक बाई. तिघांनीही माना वर केल्या.

सुनेने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "कुठला आकडा, बाबा?"

"चार पूर्णांक चार. मी मोजलं. सहा पूर्णांक सहा आहे. तीनदा मोजलं."

"कशावर मोजलंत? कागदावर? अहो बाबा, तो कागद मी..."

"कागदच बोलतोय. मी कशाला बोलू? मी चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवणार आहे. बघू तो काय म्हणतो."

सुनेने मास्क पुन्हा वर चढवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ती म्हणाली, "दाखवा. जरूर दाखवा," आणि मास्तरांकडे वळून, "या तुम्ही."

मास्तर उठले, पण त्यांनी सुजलेल्या गालावरचा हात खाली घेतला होता. जणू दुखायचं थांबलंच होतं. म्हातारी पिशवी सावरत म्हणाली, "मी येते नंतर. घरी दूध गॅसवर आहे." तिच्या तीन दातांचं माप त्या दिवशी घ्यायचं होतं, हे मामांना नंतर कळलं. मोबाइलवाली बाई तिच्या मागोमाग, काही न सांगताच गेली.

मामा तावातावाने टर्नरकडे निघाले. चौकातल्या डॉक्टरकडे जायच्या आधी दुसऱ्या माणसाची सही हवी. खात्यात वादाच्या नगावर दोन सह्या लागत.

टर्नर ओसरीत एक गळका नळ उघडून बसला होता. त्याने आधी चहा सांगितला, हात पुसले, सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मग कागद आणि व्हर्नियर हातात घेतला. मामांनी चहाला हात लावला नाही.

"सहा पूर्णांक सहा," टर्नर म्हणाला. "बरोबर आहे तुझं."

"बघ. आणि मामी मला म्हणते संशयी."

"आहेसच. पण माप बरोबर आहे." टर्नरने कागद पाकिटातून बाहेर काढला, दुमडलेला काठ नखाने सरळ केला आणि डोळ्यांजवळ नेला. "गेज, हे खाली काय आहे रे बारीकसं?"

कागदाच्या खालच्या काठाला एक छोटी आडवी पट्टी छापलेली होती. तिच्यावर खुणा आणि शेजारी अक्षरं: दहा मि.मी.

"मोज," टर्नर म्हणाला, आणि व्हर्नियर परत दिला.

मामांनी पट्टी मोजली. पुन्हा शून्य तपासलं. पुन्हा मोजली.

"किती?"

"पंधरा."

"दहाची पट्टी पंधरा भरते." टर्नरने नळाचा वायसर उचलून फुंकला. "म्हणजे चित्र दीडपट मोठं छापलंय. सहा पूर्णांक सहाला दीडने भाग, मी काही शिकलेला नाही."

मामांना भाग द्यायची गरज नव्हती. उत्तर रेघेशेजारी छापलेलं होतं. चार पूर्णांक चार.

मामांनी व्हर्नियर मिटवला. टर्नर हसेल, अशी मामांची खात्री होती. तो हसला असता तर बरं झालं असतं.

"ती पाटी कुठे लावली होती रे आपण?" टर्नरने विचारलं.

"दाराच्या वर."

"कुणी रंगवली होती?"

"तू."

"हं. अक्षर चांगलं होतं माझं." त्याने नळ पुन्हा हातात घेतला. "चहा पी. साय आली त्याच्यावर."

"मला वाटलं, हा फोटो आहे," मामा हळूच म्हणाले. "नकाशा माणूस काढतो. फोटो यंत्र काढतं."

"आणि कागद?"

मामांनी साय बोटाने बाजूला सारली आणि चहा घेतला. उजवीकडून.

ते लांबच्या रस्त्याने घरी आले. दवाखान्याचं दार उघडं होतं, पण बाक रिकामा होता. स्टूलही रिकामं. आत सून एकटी, पाठमोरी, औजारं धूत होती. मामा आवाज न करता वर गेले.

त्यांची एक वही होती. घरातल्या यंत्रांची दुरुस्ती, चष्म्याचे नंबर, छताची गळती, जे जे झालं ते तारखेसह तिच्यात असे. चूक झाली तर ती लिहायची, हीसुद्धा खात्याचीच रीत. त्यांनी लिहिलं: 'स्कॅनचा कागद दीडपट. माझं माप नापास.' कपाटात लाल रंगाची डबी अजून होती, पण आतला रंग केव्हाच दगड झाला होता. मग त्यांनी लाल पेन घेतलं आणि कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पट्टा ओढला. पट्टा वाकडा गेला.

एवढ्यावर वही मिटायला हवी होती. पण पहिला संशय, कडकन वाजलेल्या आवाजाचा, अजून आत कुठेतरी डुगडुगत होता. चार पूर्णांक चार खरं असेल, तर हाड गेलं कुठे? त्यांनी दाढ काढल्याची तारीख शोधायला पानं मागे उलटली. दोन वर्षं आठ महिने मागे जावं लागलं. स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'डावी खालची दाढ काढली. एक मूळ तुटलं, तेही निघालं. सून म्हणते, तीन-चार महिन्यांत नवी बसवून घ्या, नाहीतर मोकळ्या जागेतलं हाड झिजत जातं. बघू.'

पुढच्या पानावर, चार महिन्यांनी: 'सुनेने पुन्हा विचारलं. बघू.'

आणखी पुढे एकदा. तिथे नुसतंच 'बघू.'

मामींनी आत येऊन विचारलं, जेवायला वाढू का. ते म्हणाले, थोडं थांब. आणि वही घेऊन खाली गेले.

सुनेने वळून पाहिलं नाही. ती हातमोजे काढून डबीत टाकत होती. "चौकातले डॉक्टर पाचनंतर बसतात," ती म्हणाली. "माझ्याकडून स्कॅनची फाइल देते. त्यांना कागद देऊ नका, फाइल द्या."

"पट्टी मोजली मी," मामा म्हणाले. "खालची."

आता ती वळली.

"दीडपट आहे."

"हो. मोठं करूनच छापलं होतं." तिचा आवाज कोरडा होता. "मूळ आकारात तो काप नखाएवढा दिसतो, बाबा. तुम्हाला चष्म्यातूनही नीट दिसला नसता. म्हटलं, जरा मोठा करून द्यावा. तेच सांगत होते मी दारात."

मामांनी वही तिच्या हातात दिली. तिने पान वाचलं, उलटलं, पुढचंही वाचलं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"फोनवर तू सरांना म्हणालीस, घरी बोलले नाहीये," मामा म्हणाले. एवढंच उरलं होतं, आणि ते विचारल्याशिवाय त्यांच्याने राहवेना.

"काय बोलायचं होतं? की बाबा, तुमच्या 'बघू' पायी हाड गेलं? हे जेवताना बोलायचं?" ती थांबली. "सहा पूर्णांक सहा असतं ना, तर तुमच्या आधी मला आनंद झाला असता. मी त्याच दिवशी तारीख दिली असती. आता तुम्हीच सांगा. चार पूर्णांक चारच्या हाडात चार मिलिमीटरचा स्क्रू. दोन्ही बाजूंना किती उरलं?"

"दोन दशांश."

"पास केला असता?"

मामांनी मान हलवली. दोन दशांशाची भिंत त्यांनी हातातसुद्धा धरली नसती.

"माझे दोन पेशंट गेले आज," ती म्हणाली. ओरडून नव्हे, सांगितल्यासारखं. "त्या आजी पुन्हा येणार नाहीत. गल्लीत सगळ्यांत जास्त बोलतात त्या."

मामांनी तिच्या हातातून वही परत घेतली. मग म्हणाले, "उद्या माझा नंबर कितवा लावशील?"

"तुम्हाला कशाला नंबर?"

"लाव."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी गेजमामा पुढच्या दाराने रस्त्यावर गेले, रस्त्यावरून दवाखान्याच्या दाराने आत आले आणि बाकावर बसले. धुतलेला सदरा, मांडीवर पाकीट, खिशात व्हर्नियर. मास्तर आले होते, त्यांचा गाल उतरला होता. त्यांनी मामांना पाहून जागा दिली आणि भिंतीकडे बघत बसले. मोबाइलवाली बाई आली नाही. मांजर दारापर्यंत येऊन गेलं.

साडेदहाला म्हातारी रस्त्यावरून जाताना दिसली. कापडी पिशवी होती, पण चाल बाजाराची होती. मामांना बाकावर बघून ती थबकली आणि उंबऱ्यापाशी आली.

"काय हो, तुम्ही चौकात जाणार होता ना?"

"माप चुकलं होतं," मामा म्हणाले.

"डॉक्टरीणबाईंचं?"

"माझं."

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा मामांकडे. "काल तर मोठ्या तोऱ्यात सांगत होतात. रात्रीत कसं चुकलं? घरात समजूत घातली असेल."

"नाही हो."

"घरचेच तुम्ही. तुम्ही दुसरं काय सांगणार?"

 समोरची बाई अगदी बरोबर वागत होती. मामा तिच्या जागी असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, आणि विश्वास ठेवला नसता. ते जरा सरकले, बाकावर जागा केली आणि पाकिटातून लाल पट्ट्याचा कागद काढून मांडीवर सरळ केला. खालचा काठ नखाने उलगडला.

"बसा," ते म्हणाले. "ही पट्टी आहे. हिच्यावर दहा लिहिलंय. वाचता येतंय?"

"येतं की. आंधळी नाही मी."

"आता हे बघा." त्यांनी व्हर्नियर काढला, जबडे पुसले आणि पट्टीला लावला. "हा आकडा वाचा."

म्हातारीने व्हर्नियर त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुम्ही धरू नका. मी मोजते," ती म्हणाली, आणि पिशवी पायाशी ठेवून बाकावर बसली.

आतून सुनेने पहिला नंबर पुकारला. तो मामांचा होता. ते उठले, पण व्हर्नियर म्हातारीच्या हातात होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती. जबडे उघडून, मिटवून, ती शून्य बरोबर लागतंय की नाही ते बघत होती.